फोटोखालची ओळ

भोईवाडा म्हटले की या मासिकाच्या बहुतेक वाचकांच्या डोळ्यांसमोर भुलेश्वरचा तिसरा भोईवाडा उभा राहील. मी सांगणार आहे ती हकीकत परळच्या भोईवाड्यातील. इथे पेढ्या कमी आणि रुग्णालये अधिक. केईएम, वाडिया, टाटा ही सारी चालत जाण्याच्या अंतरावर. मध्येमध्ये जुन्या चाळी, नवे उंच टॉवर आणि कच्छी बांधवांची किराणा मालाची दुकाने. अशाच एका दुकानाच्या गल्ल्याशेजारी २०१५ च्या एप्रिलअखेरीस पत्र्याचा एक डबा ठेवण्यात आला होता. डब्यावर एक छायाचित्र चिकटवले होते. जेमतेम चार वर्षांचा एक मुलगा आपल्या धाकट्या बहिणीला दोन्ही हातांनी कवटाळून बसला आहे, आणि ती भेदरून त्याला बिलगली आहे. खाली बॉलपेनने लिहिले होते, 'नेपाळच्या भूकंपात आईवडील गमावलेली भावंडे. सढळ हाताने मदत करावी.' ती ओळ माझ्या हस्ताक्षरात होती.

२५ एप्रिलच्या शनिवारी, दुपार होण्यापूर्वी, नेपाळमध्ये ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला. काठमांडूतील धरहरा मनोरा कोसळला, डोंगरातील गावेच्या गावे भुईसपाट झाली. मृतांचा आकडा अखेरीस ९ हजारांच्या जवळ गेला. हे छायाचित्र माझ्या मोबाईलवर एकाच दिवशी चार गटांतून आले. चार ठिकाणांहून आलेली गोष्ट खरी असणार, असे मी धरून चाललो. त्या वेळी मी अजून बँकेत नोकरीला होतो. धनादेशावरची सही नमुना सहीशी ताडून पाहिल्याखेरीज ज्याने कधी एक रुपया सोडला नाही, त्याच मनुष्याने ना तारीख विचारली, ना छायाचित्र घेणाऱ्याचे नाव. मुलांचे डोळे पाहिले आणि खाली ओळ लिहून मोकळा झालो.

आठवडाभराने महाविद्यालयात शिकणारा माझा पुतण्या दुकानात आला. डब्याकडे पाहून म्हणाला, "काका, हा फोटो नेपाळचा नाही." त्याने मोबाईलवर बीबीसीची बातमी उघडून दाखवली.

छायाचित्र व्हिएतनाममधील होते. ना सॉन न्गुयेन या व्हिएतनामी छायाचित्रकाराने ते २००७ मध्ये, म्हणजे भूकंपाच्या आठ वर्षे आधी, हा जांग प्रांतातील एका डोंगरी खेड्यात घेतले होते. मुलांचे आईवडील हयात होते, शेतावर कामाला गेले होते. मुले दारात खेळत होती. अनोळखी माणूस समोर आलेला पाहून ती लहानगी घाबरून रडू लागली, भावाने तिला जवळ घेतले, आणि छायाचित्रकाराने तो क्षण टिपला. पुढे ते चित्र जगभर भटकले. कोणी त्याला ब्रह्मदेशातील अनाथ मुले म्हटले, कोणी सीरियातील युद्धाचे बळी. छायाचित्रकार बिचारा खुलासे करीत राहिला आणि लोक त्या मुलांसाठी वर्गणी जमवीत राहिले.

त्या मुलीची भीती खरी होती, आणि ती कॅमेरा घेऊन आलेल्या परक्या माणसाची होती. आम्ही तिला भूकंपाची भीती करून टाकले.

डब्यात जमलेली रक्कम एका जुन्या नोंदणीकृत संस्थेमार्फत नेपाळमधील मदतकार्यालाच पोहोचली. तिची पावती माझ्याजवळ आहे, म्हणून हिशोबात खोट नाही. परंतु आमच्या चाळीतील एका वृद्ध बांनी पालिताण्याच्या यात्रेसाठी बाजूला ठेवलेले पैसे त्या डब्यात टाकले होते. त्यानंतर जिन्यात भेट होई तेव्हा त्या विचारीत, "पेली बे छोकरां केम छे?" मी "बरी आहेत" असे पुटपुटून पुढे जात असे. चार महिने असे गेले. अखेर संवत्सरीच्या दिवशी क्षमापना करताना मी त्यांना सारे सांगून टाकले. त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, मुले तर खरी आहेत ना? आईबाप आहेत ना? मग वाईट काय झाले? त्यांचे समाधान झाले. माझे आजही झालेले नाही. त्या निमित्ताने मी वृत्तछायाचित्रकारांविषयी मिळेल ते वाचू लागलो. दूरदेशीच्या संकटाची खरी छायाचित्रे कोण घेतो, कशी घेतो, आणि ती आपल्यापर्यंत कोणत्या हातांतून येतात, हे आपल्यासारख्या दान देणाऱ्या समाजाला ठाऊक असायला हवे, असे मला वाटू लागले. कारण आपला खिसा बहुधा छायाचित्र पाहूनच उघडतो.

नेपाळच्याच भूकंपातील दोन छायाचित्रे घ्या. एएफपी या वृत्तसंस्थेचे रोबेर्तो श्मिट त्या दिवशी एव्हरेस्टच्या पायथ्याच्या तळावर नुकतेच पोहोचले होते. जमीन हलली, आणि पाठोपाठ डोंगरावरून बर्फाची प्रचंड लाट तंबूंच्या दिशेने आली. त्यांच्या हातून कॅमेऱ्याचे बटण तीनदा दाबले गेले, तोवर लाट अंगावर आली होती. ते बर्फाखाली गाडले गेले. एका शेर्पाच्या हाताने त्यांना बाहेर काढले. त्या तळावर वीसच्या आसपास माणसे दगावली. दुसरे छायाचित्र भक्तपूरचे. काठमांडूच्या एका स्थानिक वृत्तस्थळाचे अमूल थापा यांनी घेतलेले. ढिगाऱ्याखाली सुमारे २२ तास राहिलेले काही महिन्यांचे बाळ सैनिकांनी वर उचलले आहे, सारा देह धुळीने माखलेला, डोळे मिटलेले, पण जिवंत. हे छायाचित्र खरे होते, त्याखाली गाव होते, दिवस होता, छायाचित्रकाराचे नाव होते. आमच्या डब्यावर हे चिकटवता आले असते. पण आमच्या चारही गटांत ते आले नव्हते, व्हिएतनामची मुले आली होती.

मुंबईशी नाते असलेले दोन छायाचित्रकार इथे आठवतात. रॉयटर्सचे दानिश सिद्दीकी अनेक वर्षे मुंबईत राहून काम करीत. नेपाळचा हा भूकंप त्यांनी टिपला होता. रोहिंग्या निर्वासितांच्या छायाचित्रांसाठी रॉयटर्सच्या चमूला २०१८ मध्ये पुलित्झर पुरस्कार मिळाला, त्यात ते होते. जिथे सामान्य माणूस स्वतः जाऊ शकत नाही तिथली गोष्ट त्याला पाहता यावी, यासाठी आपण छायाचित्रे घेतो, असे ते सांगत. १६ जुलै २०२१ रोजी अफगाणिस्तानात स्पिन बोल्दाक येथे ते मारले गेले. करोनाकाळातील भारताच्या छायाचित्रांसाठी सहकाऱ्यांसह मिळालेला दुसरा पुलित्झर त्यांना मरणोत्तर होता. दुसरे नाव अर्को दत्ता यांचे. त्यांच्याकडे पुढे वळेन.

वृत्तसंस्थेच्या छायाचित्राखाली जी ओळ असते तिला वृत्तपत्रांच्या कचेरीत 'फोटोओळ' म्हणतात. कोण, काय, कुठे, केव्हा, आणि शेवटी छायाचित्रकाराचे व संस्थेचे नाव, इतके तिच्यात असावेच लागते. धनादेशावर जशी तारीख, नाव, अंकी व अक्षरी रक्कम आणि सही, तसेच हे. यांतील एक गोष्ट नसली तर आपण धनादेश परत करतो. छायाचित्रात मागाहून काही घालायचे नाही आणि काही पुसायचे नाही, हा नियम तर बँकेतील खाडाखोडीच्या नियमाहून कडक आहे. नार्सिसो कोन्त्रेरास हे पुलित्झर मिळवलेले छायाचित्रकार. सीरियातील एका छायाचित्राच्या कोपऱ्यात दुसऱ्या कोणाचा तरी व्हिडिओ कॅमेरा पडलेला दिसत होता, तो त्यांनी संगणकावर पुसून टाकला. बातमीच्या अर्थात त्याने तिळमात्र फरक पडत नव्हता. तरी २०१४ च्या जानेवारीत एपी या संस्थेने त्यांच्याशी असलेले संबंध तोडले. त्यांची इतर शेकडो छायाचित्रे तपासली, त्यांत गैर काही आढळले नाही. निर्णय मात्र बदलला नाही. आमच्या शाखेत एका रोखपालाने बेरीज बरोबर असतानाही खातेवहीतला एक आकडा खरवडून सुबक केला होता, म्हणून त्याला मेमो मिळाला होता. तेव्हा मला तो अन्याय वाटला होता. आता वाटत नाही.

याचा अर्थ या क्षेत्रात सारेच साधू आहेत असा नाही. नेपाळच्याच संकटात आपल्या देशाने 'ऑपरेशन मैत्री'च्या रूपाने तत्काळ मदत पाठवली, नेपाळी जनतेने तिचे स्वागत केले. आणि आठवडाभरात तिथल्याच लोकांनी भारतीय माध्यमांनी परत जावे अशी मोहीम समाजमाध्यमांवर चालवली. ढिगाऱ्याशेजारी बसलेल्या बाईला 'तुम्हाला कसे वाटते आहे' असे विचारणे, मदतीच्या हेलिकॉप्टरमधील जागा अडवणे, असे आरोप होते. पाहुण्याने दुःखाच्या घरात चपला घालून शिरावे, तसे काहीसे झाले. मदत देणारा देश आपण, आणि मान खाली घालण्याची वेळही आपल्यावरच.

या व्यवसायाला विचारला जाणारा सर्वांत जुना प्रश्न याहून कठीण आहे. समोर माणूस मरत असताना कॅमेरा कसा उचलवतो? आधी हात का दिला नाही?

१३ नोव्हेंबर १९८५ रोजी कोलंबियातील नेवादो देल रुइझ हा ज्वालामुखी जागा झाला. शिखरावरचे बर्फ वितळून चिखलाचे लोंढे खाली आले आणि आर्मेरो हे गाव गाडले गेले. सर्व मिळून २३ हजारांच्या आसपास माणसे मेली. ओमायरा सांचेझ ही १३ वर्षांची मुलगी आपल्याच घराच्या ढिगाऱ्यात अडकली. मानेपर्यंत पाणी, पाय खाली काँक्रीटमध्ये रुतलेले. फ्रान्सचे छायाचित्रकार फ्रँक फूर्निये तिसऱ्या दिवशी पहाटे तिथे पोहोचले. बचाव करणारे तिच्याभोवती होते. पण पाणी उपसण्याचा पंप नव्हता, पाय कापून सोडवायचे तर शस्त्रक्रियेची सोय नव्हती. मुलगी ग्लानीत शाळेला उशीर होईल म्हणत होती. सुमारे ६० तास तशी राहून, ते पोहोचल्यानंतर तीनेक तासांत ती गेली. छायाचित्र प्रसिद्ध झाल्यावर लोक संतापले. 'गिधाड' हा शब्दही वापरला गेला. फूर्निये यांचे म्हणणे एवढेच होते की तिला सोडवणे आपल्या हाती नव्हते, ती कशी धैर्याने गेली हे जगाला दाखवणे तेवढे हाती होते. त्या छायाचित्राला वर्ल्ड प्रेस फोटोचा त्या वर्षीचा सर्वोच्च मान मिळाला. आणि एवढ्या मोठ्या संकटात एक पंप वेळेवर का मिळाला नाही, हा प्रश्न कोलंबियाच्या सरकारला जगाने विचारला तो त्या छायाचित्रामुळे.

हे वाचून मला बरेच दिवस स्वस्थता नव्हती. प्रत्येक जण पाण्यात उतरला असता तर साक्ष कोणी दिली असती, हे बुद्धीला पटते. मनाला पूर्ण पटत नाही. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते. अनेकान्त मानणाऱ्या वाचकांना हे समजावून सांगण्याची गरज नसावी. छायाचित्र हा एक नय असतो. चौकटीत जे आले ते दिसते. चौकटीबाहेर काय होते ते चौकट सांगत नाही. २०१० साली हैतीच्या भूकंपानंतर पोलिसांच्या गोळीने मेलेल्या एका १५ वर्षांच्या मुलीचे छायाचित्र गाजले, पुरस्कार मिळवून गेले. नंतर दुसऱ्या एका छायाचित्रकाराने बाजूने घेतलेले चित्र बाहेर आले. त्यात त्या मृतदेहासमोर ओळीने बसलेले, कॅमेरे रोखलेले छायाचित्रकार दिसत होते. खोटे कोणतेच नव्हते. पण दुसरे पाहिल्यावर पहिल्याकडे पूर्वीसारखे पाहता येत नाही.

आता अर्को दत्ता. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने इंडोनेशियापासून आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत दोन लाखांहून अधिक बळी घेतले. दोन दिवसांनी, २८ डिसेंबरला, रॉयटर्सचे अर्को दत्ता तमिळनाडूतील कडलूर येथे होते. त्यांच्या छायाचित्रात एक स्त्री वाळूत पालथी पडून आक्रोश करते आहे, दोन्ही तळवे आकाशाकडे. जो गेला त्याचा फक्त हात चौकटीच्या कडेला दिसतो. बाकी देह त्यांनी चौकटीत घेतलाच नाही. वर्ल्ड प्रेस फोटोचा त्या वर्षीचा सर्वोच्च मान या छायाचित्राला मिळाला. प्रेत पूर्ण दाखवूनही पुरस्कार मिळतातच. इथे न दाखवल्याने दुःख अधिक दिसले. याला मी छायाचित्रातील जयणा म्हणेन. पुढे दत्ता यांनी मुंबईत छायाचित्रण शिकवणारी संस्था उभी करण्यात भाग घेतला, हे वाचून बरे वाटले.

आणि तुर्कस्तान. ६ फेब्रुवारी २०२३ च्या पहाटेचा भूकंप. तुर्कस्तान आणि सीरिया मिळून ५० हजारांहून अधिक मृत्यू. एएफपीचे आदेम आल्तान काहरामानमाराश शहरात एका कोसळलेल्या इमारतीसमोर होते. नारिंगी जॅकेट घातलेला एक बाप ढिगाऱ्यावर एकटाच बसला होता. काँक्रीटच्या लाद्यांखालून गादीवरून एक हात बाहेर आला होता, तो त्याने धरून ठेवला होता. हात त्याच्या १५ वर्षांच्या मुलीचा. आल्तान काही अंतरावरून छायाचित्र घेऊ लागले तेव्हा त्या बापाने रागावून त्यांना हाकलले नाही. कापऱ्या आवाजात त्याने आपल्या मुलीची छायाचित्रे घ्यायला सांगितले. ते छायाचित्र दुसऱ्या दिवशी जगभरच्या वृत्तपत्रांत पहिल्या पानावर होते. ते पाहून एका उद्योजकाने त्या कुटुंबाला राजधानी अंकारा येथे घर आणि बापाला काम दिले.

त्या बापाने परवानगी दिली, नव्हे, स्वतःहून मागितले. हा फरक माझ्या मते पुरस्कारापेक्षा मोठा आहे. छायाचित्र तेव्हा घेणाऱ्याचे राहत नाही, ते त्या बापाचे होते.

'परदेशातील आपत्ती' हे शब्द आपण सहज वापरतो. पण लातूर-उस्मानाबादकडे कॅमेरे घेऊन आलेल्या परदेशी छायाचित्रकारांसाठी परदेश म्हणजे आपणच होतो. १९९३ ची अनंत चतुर्दशी. २९ सप्टेंबरच्या रात्री मुंबईत गणेशविसर्जन चालू होते. लालबाग-परळचे लोक गिरगाव चौपाटीवरून उजाडता उजाडता परतत होते, तेव्हा रेडिओवर किल्लारीची बातमी आली. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली होती. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद. झोपलेल्या माणसांवर घरेच पडली. सुमारे ८ हजार माणसे गेली, ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली. पुढचे काही दिवस वृत्तपत्रांत सामुदायिक चितांची छायाचित्रे होती. त्या छायाचित्रांतील माणसांची नावे खाली नसत. 'किल्लारीतील एक शोकाकुल स्त्री', एवढेच. तिचे नाव विचारायला कोणाला वेळ होता?

त्याच किल्लारीची दुसरी बाजू आपल्या समाजाला अभिमानाची आहे. भारतीय जैन संघटनेचे शांतिलाल मुथ्था यांनी भूकंपग्रस्त भागातील सुमारे १२०० मुलांना पुण्याजवळ वाघोली येथे आणून त्यांच्या राहण्याची आणि शिक्षणाची सोय केली. हे काम छायाचित्रात मावणारे नव्हते. मुलगा पाचवीतून सहावीत गेला, यात टिपण्यासारखे काय असते? पुन्हा पुन्हा, वर्षानुवर्षे तेच. छायाचित्रकार जेव्हा पुढच्या भूकंपाकडे निघून जातो तेव्हा हे काम सुरू होते.

आणि २६ जानेवारी २००१. सकाळी पावणेनऊला कच्छ हादरला. आमच्या भोईवाड्यातील, लालबागमधील, दादरमधील अनेक दुकाने त्या दिवशी उघडलीच नाहीत. फोन लागत नव्हते. २७ तारखेला वृत्तपत्रांतील भचाऊ-अंजारची छायाचित्रे दुकानदार भिंग घेऊन पाहत होते. आमच्या परिचयातील एका व्यापाऱ्याने तर एका धूसर छायाचित्रात देरासराचे शिखर ओळखले आणि त्यावरून आपली गल्ली कुठल्या बाजूला असेल याचा अंदाज बांधला. फोटोओळीत मात्र गावाचे नाव चुकीचे छापले होते. शिखर दुसऱ्याच गावचे निघाले. त्या घरात दोन दिवस जी आशा होती ती एका चुकलेल्या ओळीवर उभी होती. कदाचित कोणा थकलेल्या उपसंपादकाने मध्यरात्री घाईत ती लिहिली असेल. भद्रेश्वरच्या प्राचीन तीर्थाचीही त्या भूकंपात मोठी हानी झाली. ते पुन्हा उभे राहिले, ही सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट.

आता काळ आणखी बदलला आहे. व्हिएतनामची मुले निदान खरी होती. तुर्कस्तानच्या भूकंपात ढिगाऱ्यात एका लहान मुलाला छातीशी धरलेल्या अग्निशमन जवानाचे छायाचित्र फिरले, शिरस्त्राणावर ग्रीसचा ध्वज. त्याच्या आधारे आभासी चलनात वर्गण्या मागितल्या जात होत्या. नीट पाहिले तर जवानाच्या एका हाताला सहा बोटे होती. ते यंत्राने तयार केलेले चित्र होते. जवान नव्हता, मूल नव्हते, फक्त वर्गणी खरी होती. मार्च २०२५ मध्ये म्यानमारमध्ये भूकंप झाला तेव्हा तर अशा चित्रफितींचा पूरच आला. दोन वर्षांत यंत्रे बोटे मोजायला शिकली असावीत, म्हणून आता बोटांवर विसंबून भागणार नाही. फोटो आला की गूगल लेन्समध्ये घालून तो पूर्वी कुठे आला आहे का ते पाहावे. छायाचित्रकार आणि संस्था यांचे नाव शोधावे. क्यूआर कोड असेल तर पैसे पाठवण्याआधी पडद्यावर जे नाव उमटते ते संस्थेचे आहे की व्यक्तीचे, ते वाचावे. पाच मिनिटांचे काम. बँकेत आम्ही यासाठी पगार घेत होतो. घरी ते फुकट करण्याचा कंटाळा येतो.

इथवर मी दुसऱ्यांविषयी लिहिले. हा लेख लिहायला मला ज्याने भाग पाडले ते टाटा रुग्णालयाजवळच्या फुटपाथवर घडले.

डॉ. अर्नेस्ट बोर्जेस मार्गावर बिहार, बंगाल, आसाम, विदर्भ, मराठवाडा अशा ठिकाणांहून आलेले रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक कसे राहतात हे परळमधील कोणाला सांगायला नको. आमच्या मंडळाचे लोक दर रविवारी सूर्यास्तापूर्वी तिथे खिचडी-कढी वाढतात. वाढताना फोटो काढले जातात, कारण देणगीदारांपैकी काही सुरतेला आहेत, काही दुबईला. पैसा कुठे गेला हे त्यांना दिसायला हवे. त्या रविवारी माझ्या हातात कढीचे भांडे होते. एक सात-आठ वर्षांचा मुलगा ताट घेऊन बसला होता, डोक्यावर केस नव्हते. आमच्या एका उत्साही कार्यकर्त्याने मोबाईल रोखला आणि म्हटले, "बेटा, जरा ऊपर देखो." मुलाने ताट चेहऱ्यासमोर धरले. सगळे हसले, कार्यकर्त्याने ताट खाली करायला लावून फोटो काढला. रात्री तो गटावर आला, 'कर्करोगग्रस्त बालकास अन्नदान' या ओळीसह. मीही त्याला अंगठा दाखवून पसंती दिली.

पुढच्या रविवारी त्या मुलाची आई आम्हाला शोधीत आली. रुग्ण मुलगा नव्हताच, त्याचा बाप होता. गावी आजोबा वारले म्हणून मुलाचे मुंडन झाले होते. तो फोटो मुंबईत टॅक्सी चालवणाऱ्या त्यांच्या गावच्या एकाच्या मोबाईलवर पोहोचला, त्याने गावी कळवले, आणि नातवालाही तोच रोग झाला असे समजून तिकडे म्हाताऱ्या आजीने अन्न सोडले होते. ती बाई ओरडली नाही. फक्त म्हणाली, "भैया, पूछ तो लेते."

आठ वर्षे बीबीसी, एएफपी आणि सहा बोटांविषयी वाचणारा मी तिथेच उभा होतो. कार्यकर्ता तरुण होता, त्याने हात जोडले. दोष त्याचा एकट्याचा नव्हता. प्रमादाला आपल्याकडे हिंसेच्या मुळाशी का धरले आहे, हे मला तेव्हा पुस्तकाबाहेर कळले.

मंडळाच्या बैठकीत मी सुचवले की यापुढे खाणाऱ्यांचे फोटो नकोत. वाद बराच झाला. एकाने गुप्तदानाची आठवण दिली. दुसऱ्याने लगेच विचारले की मग आपल्या मासिकात दर महिन्याला देणगीदारांचे फोटो येतात ते काय, आणि त्यावर मला उत्तर सुचले नाही. संपादक हे छापतील अशी आशा आहे. खजिनदार म्हणाले, फोटो नसेल तर हिशोब कसा द्यायचा? मी म्हटले, किराणा मालाचे बिल द्या, आचाऱ्याची पावती द्या, ताटांची मोजणी लिहून द्या; बँकेला कोणाचा चेहरा लागत नाही, व्हाउचर लागते. ज्याने स्वतः होऊन फोटो काढायला सांगितले, त्याचा काढावा, त्याने सांगितलेले नाव खाली लिहावे, एवढी सवलत ठेवली. ठराव दोन मतांनी संमत झाला. महिन्याभरात एका देणगीदाराने हात आखडता घेतला. कारण सांगितले नाही.

गेल्या रविवारी आम्ही दुबईच्या देणगीदारांना फोटो पाठवला: घासून पालथी घातलेली पातेली, शेजारी बिलाचा कागद. थोड्या वेळाने त्यांचा संदेश आला, "खाणारे कुठे दिसत नाहीत." मी खाली ओळ लिहून पाठवली. एकशे चाळीस ताटे, रविवार, सायंकाळी साडेपाच ते सव्वासहा, डॉ. अर्नेस्ट बोर्जेस मार्ग, परळ. मोजणारा म्हणून माझे नाव. संदेश वाचल्याच्या दोन निळ्या खुणा उमटल्या आहेत. उत्तर अजून आलेले नाही.